घडी

ऑक्टोबर संपला की मॅरोबी हॉलला आम्ही निजवतो.
खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी, झुंबरांना पिशव्या,
खिडक्यांची लाकडी झापं आतून लावलेली.
दिवसभर पाहुण्यांसमोर हसून झाल्यावर
कुणी तोंड धुऊन बसावं
तसं दिसतं घर.

माझ्या हातात घोड्याच्या केसांचा ब्रश,
खांद्यावर व्हॅक्यूम, नळीच्या तोंडाला जाळी,
सोन्याचा वर्ख सुटलाच तर हाती लागावा म्हणून.
धूळ पुसायची नाही, उचलायची,
हे मला एडना रॅस्ट्रिकनं शिकवलं.
बावीस हिवाळे तिनं याच शिडीवर काढले.
म्हणायची, धूळ म्हणजे बहुतेक माणसंच गं,
उन्हाळ्यात येऊन गेलेल्यांचे केस, कोट, कातडी.
जाताना सगळेच थोडे थोडे इथे राहतात.

जिन्यावर घराणं ओळीनं टांगलेलं,
एकच नाक, आठ माणसं.
एकाची जहाजं साखर आणायची, तेव्हा उत्तरेचं दालन वाढलं.
साखर कुणी कापली, ते कुठल्याच भिंतीवर नाही.
त्याचा नातू पत्त्यांत हरला, दोन इटालियन देखावे गेले;
रेशमी भिंतीवर त्यांचे चौकोन अजून गडद आहेत.
मी त्या चौकोनांवरूनही ब्रश फिरवते.
कुणी सांगितलेलं नाही.

आणि वळणावर लेडी लेटिशिया:
निळी मखमल, मांडीवर कुत्रं,
डाव्या कडेला एक हात. नुसता हात, मनगटापर्यंत,
चेरींची बशी धरलेला.
मुलं विचारायचीच, हा कुणाचा?
आमचं ठरलेलं उत्तर होतं: चित्रकाराची गंमत.

या जानेवारीत पन्हळ फुटली, भिंतीला ओल आली,
चित्र उतरवावं लागलं.
यॉर्कहून बेनेडिक्ट ऑगल आला, मितभाषी माणूस,
त्यानं एकेक खिळा काढून बशीत ठेवला. एकसष्ट.
कॅनव्हास मागे दुमडलेला निघाला,
चांगला वीतभर.
वाफ, वजनं, टीपकागद. तीन दिवस
तो ती घडी उलगडत होता, आणि मी
नसलेली कामं काढून त्या खोलीत जात होते.

कोपर निघालं. तपकिरी बाही.
मग खांदा, टोपीतून सुटलेली एक बट,
मग चेहरा, चौदा-पंधरा वर्षांचा,
मधोमध तडा गेलेला.
ती लेडीकडे बघत नव्हती. सरळ आमच्याकडे.
आणि तिचा एक गाल किंचित फुगलेला.

ऑगल भिंग घेऊन कितीतरी वेळ वाकून राहिला.
मग म्हणाला, हिच्या तोंडात चेरी आहे.

मी हिशेबाच्या वह्या चाळल्या.
चौकट कोरण्याचे अकरा पौंड. चेरींचे दोन शिलिंग.
कुत्र्याचं नावसुद्धा सापडलं: पर्ल.
कुणाला तरी चित्रापेक्षा चौकट महाग पडली होती,
म्हणून चित्रानं अंग चोरलं,
आणि ज्यांनी अंग चोरायचं असतं ते ठरलेलेच.

विश्वस्तांची बैठक झाली, चहा दोनदा आला.
चौकट मोडता येणार नाही, ती यादीत आहे.
चित्र पुन्हा दुमडणार नाही, ऑगल म्हणाला,
आणि हत्यारांची पेटी बंद केली.
तेव्हा चौकटीत आता छापील प्रत आहे.
लेडी, कुत्रं, मनगटापर्यंत हात. खाली बारीक पाटी.
खरं चित्र वर कोठारात, चौकटीविना, अंधारात,
दोघी शेजारी शेजारी.

मंगळवारी मी ब्रश घेऊन वर जाते.
लेडीवर धूळ असते, जुनी, चिवट.
मुलीवर जवळजवळ नाहीच.
माणसं अजून तिच्यापर्यंत पोचलेली नाहीत.

मार्चमध्ये झापं उघडली.
पहिल्याच शनिवारी पिवळ्या बुटांतला एक मुलगा
जिन्यावर थबकला: हा हात कुणाचा?
मी म्हटलं, तिलाच विचारलं असतं,
पण थांब जरा.
तोंड भरलंय तिचं.